बर्टनचे पाणी

इंग्लंडच्या मध्यभागातील स्टॅफर्डशायर परगण्यात, ट्रेंट नदीच्या काठी, बर्टन नावाचे एक गाव आहे. त्याला विद्यापीठ नाही, नजरेत भरणारा किल्ला नाही, यात्रेकरूंनी गजबजलेले देवालय नाही, आणि शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव क्वचितच येते. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कोटातील विलायती मालाच्या दुकानांपासून ऑस्ट्रेलियाच्या बंदरांपर्यंत आणि खडकीच्या लष्करी खाणावळीपासून पॅरिसच्या नाट्यगृहांपर्यंत, जेथे जेथे बिअरची बाटली उघडली जाई तेथे तेथे तिच्या चिठ्ठीवर या लहानशा गावचे नाव वाचावयास मिळण्याचा संभव फार मोठा असे.

आज पुण्यातील वा मुंबईतील एखाद्या स्थानिक बिअरशाळेत, जेथे काचेच्या भिंतीपलीकडे पोलादी टाक्या चकाकत असतात आणि तेथे तयार झालेले पेय अलीकडच्या मेजावर बसून पिता येते, तेथील यादीत ‘इंडिया पेल एल’ हे नाव बहुधा असतेच. आणि हे नाव का पडले असे विचारले असता वाढणारा तरुण एक ठरावीक कथा सांगतो. ती अशी की, हिंदुस्थानच्या दीर्घ सागरप्रवासात बिअर नासते असे पाहून लंडनच्या हॉजसन नामक कारखानदाराने तीत हॉपच्या कडू फुलांचे व मद्यांशाचे प्रमाण वाढविले, आणि एका नव्याच पेयाचा शोध लावला. कथा सुबक आहे. आणि सुबक कथांविषयी इतिहासाच्या अभ्यासकाने जी सावधगिरी बाळगावयाची ती येथेही बाळगणे प्राप्त आहे. कारण दफ्तरांतील पुरावा पाहू गेल्यास या पेयाच्या जन्मात आणि उत्कर्षात कोणा एकाच्या प्रतिभेपेक्षा जकातीच्या तक्त्यांचा, उधारीच्या मुदतींचा, जहाजांच्या रिकाम्या तळखणांचा आणि बर्टनच्या भूगर्भातील पाण्याचाच वाटा कितीतरी अधिक दिसतो.

बर्टनची कुळकथा मठापासून सुरू होते. वुल्फ्रिक स्पॉट नावाच्या सॅक्सन सरदाराने अकराव्या शतकाच्या अगदी आरंभी तेथे बेनेडिक्ट पंथाच्या संन्याशांसाठी मठ बांधून दिला. मठात बिअर केली जाणे यात त्या काळी काही नवल नव्हते. ज्या देशात द्राक्षे नीट पिकत नाहीत आणि जव मात्र उदंड पिकतो, तेथे अन्नासारखीच ती नित्याची वस्तू होती, आणि तीतील पाणी उकळलेले असल्यामुळे साध्या पाण्यापेक्षा ती निर्धोकही असे. १५३९ साली आठव्या हेन्रीच्या आज्ञेने मठ विसर्जित झाला आणि काही वर्षांत त्याची जमीनजुमल्यासकट सारी मालमत्ता पॅजेट या दरबारी घराण्याच्या पदरात पडली. मठ गेला, पण विहिरी राहिल्या, आणि त्या विहिरींवर पोट भरण्याची विद्या गावकऱ्यांच्या अंगी मुरून राहिली.

या गावच्या बिअरच्या पिंपाने पुढे एकदा इंग्लंडच्या राजकारणातही भाग घेतला. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी ही एलिझाबेथच्या हुकुमाने वर्षानुवर्षे नजरकैदेत होती, आणि १५८६ साली तिचा मुक्काम बर्टनपासून फार दूर नसलेल्या चार्टली येथील वाड्यात होता. तिला बाहेरून पत्र येऊ देण्याची व धाडू देण्याची सक्त मनाई असताना तिच्या पक्षपात्यांना एक युक्ती सुचविण्यात आली: बर्टनचा जो बिअरवाला वाड्याला पिंपे पुरवितो, त्याच्या पिंपाच्या बुचात पाणी न शिरणारी लहानशी डबी बसवावी आणि तीत गुप्त लिपीतील पत्रे घालावीत. ही युक्ती राणीच्या पक्षपात्यांना आपली वाटली. प्रत्यक्षात ती एलिझाबेथचा मुख्य मुत्सद्दी वॉल्सिंगम याने लावलेला सापळा होता, आणि प्रत्येक पत्र वाटेत उघडून, त्याची लिपी सोडवून, पुन्हा होते तसे मोहोरबंद केले जात होते. बिअरवाल्याला दोन्ही पक्षांकडून मोबदला मिळत होता. पत्रव्यवहारात त्याचा उल्लेख ‘प्रामाणिक मनुष्य’ अशा सांकेतिक नावाने येतो, आणि या प्रामाणिक मनुष्याने, आपल्यावाचून दोघांचेही चालत नाही हे ओळखून, बिअरचा भावही वाढवून मागितला, अशी तक्रार राणीचा पहारेकरी सर एमियास पॉलेट याने लिहून ठेवली आहे. १५८७ च्या फेब्रुवारीत मेरीचा शिरच्छेद झाला. व्यापाऱ्याची नीती कोणत्या ठिकाणी संपते आणि राजकारण्याची कोठे सुरू होते हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो. येथे एवढेच नमूद करावयाचे की सोळाव्या शतकातच बर्टनची पिंपे आसपासच्या मोठ्या घरांत शिरस्त्याने जात होती.

परंतु आसपासच्या गढ्यांना पिंपे पुरविणे वेगळे आणि देशोदेशी माल धाडणे वेगळे. रस्त्याने जड पिंपे वाहणे परवडत नव्हते, आणि नदी मोठ्या नावांना उथळ होती. १६९९ साली ट्रेंट नदी बर्टनपर्यंत नौकागम्य करण्याचा कायदा पार्लमेंटने मंजूर केला, आणि १७१२ च्या सुमारास नावा प्रत्यक्ष गावापर्यंत येऊ लागल्या. हल बंदरातून बाल्टिक समुद्राची वाट मोकळी झाली. अठराव्या शतकात बर्टनची बिअर डान्झिग व सेंट पीटर्सबर्ग येथे जात असे, आणि परतीच्या फेरीत तीच जहाजे लोखंड, ताग, आणि पिंपे घडविण्यास लागणारे ओकचे लाकूड घेऊन येत. ही बिअर आजच्या कल्पनेपेक्षा अगदी निराळी होती: गडद तपकिरी, दाट, गोड आणि भयंकर कडक. रशियाच्या सरदारवर्गाला ती अत्यंत प्रिय होती, आणि उत्तरेच्या थंडीत तशाच पेयाची अपेक्षा असणार. १७७७ साली विल्यम बास नावाचा एक गाडीवाहक, इतरांची पिंपे वाहून नेण्यापेक्षा स्वतःची वाहिलेली बरी असा विचार करून, या धंद्यात शिरला. त्याच्या नावाने पुढे केवढी उलाढाल व्हावयाची होती याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते.

या भरभराटीला पहिला तडाखा नेपोलियनने दिला. १८०६ च्या त्याच्या फर्मानाने युरोप खंडाची बंदरे इंग्रजी मालाला बंद झाली. आणि युद्ध संपून काही वर्षे लोटतात न लोटतात तोच, १८२२ साली, रशियाने नवी जकात बसवून बर्टनच्या बिअरची वाट जवळजवळ कायमची रोखली. गावातील कारखान्यांची संख्या ओसरली, कित्येक घराणी धंदा सोडून गेली, आणि जी राहिली ती नव्या गिऱ्हाइकाच्या शोधात डोळ्यांत तेल घालून बसली.

इकडे लंडनच्या पूर्वेस, ली नदीवरील बो पुलाजवळ, हॉजसन घराण्याचा कारखाना १७५२ पासून चालत होता. तो मोठा नव्हता, त्याची बिअर अलौकिक होती असेही म्हणण्यास आधार नाही. त्याचे एकमेव भाग्य त्याच्या जागेत होते: ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे नांगरत तो ब्लॅकवॉलचा धक्का तेथून हाकेच्या अंतरावर होता. कंपनीच्या जहाजांवरील कप्तानांना व अधिकाऱ्यांना ठरावीक वजनापर्यंत खाजगी व्यापार करण्याची मुभा असे, आणि ते हॅम, पनीर, मद्य, काचसामान, टोप्या असा माल कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील आपल्या देशबांधवांसाठी घेऊन येत. परतताना जहाजे कापूस, रेशीम, सोरा यांनी तुडुंब भरत. येताना मात्र त्यांचे तळखण बरेचसे रिकामे असल्यामुळे येतानाचे भाडे स्वस्त पडे. हॉजसनने या कप्तानांना आणखी एक सवलत दिली. त्याने त्यांना बारा-बारा, अठरा-अठरा महिन्यांच्या उधारीवर माल दिला. माल हिंदुस्थानात विकून, त्या पैशाचा दुसरा माल घेऊन, तो लंडनात विकून मग हॉजसनचे देणे फेडावयाचे, अशी ही सोय असताना कप्तान दुसऱ्याच्या दारी जातील कशाला?

आता हॉजसनने काही नवे पेय निर्माण केले काय? इंग्लंडातील मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांत ‘ऑक्टोबर बिअर’ या नावाची एक फिकट, कडक आणि भरपूर हॉप घातलेली बिअर हंगामाच्या नव्या जवापासून करून तळघरात वर्ष-दोन वर्षे मुरवीत ठेवण्याचा प्रघात फार जुना होता. तीच, किंवा तिच्यासारखीच, बिअर जहाजावर चढली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार ते सहा महिन्यांच्या हेलकाव्यांत आणि उष्णतेत ती पिंपातल्या पिंपात अशी काही मुरली की तळघरातील दोन वर्षांचे काम समुद्राने अर्ध्या वर्षात केले. हॉप हे रक्षक द्रव्य आहे हे तत्कालीन कारखानदारांस ठाऊक होते, आणि उष्ण प्रदेशात धाडावयाच्या बिअरमध्ये ते अधिक घालावे असा सल्लाही ते एकमेकांस देत. परंतु इतर बिअर वाटेत नासत असत हे मात्र खरे नाही. पोर्टर नावाची काळी बिअर त्याच जहाजांतून त्याच हिंदुस्थानात येत होती, आणि ती सुखरूप पोहोचत होती. बराकींतील गोरा शिपाई मुख्यतः पोर्टरच पीत असे. फिकट बिअर ही साहेबाच्या मेजावरची वस्तू होती.

आणि त्या मेजाची व्यवस्था पाहणारा एक इसम आपल्या जुन्या कागदपत्रांच्या वाचकांस चांगला परिचित आहे: आबदार. पेशव्यांच्या आणि सरदारांच्या घरी जसा आबदारखाना असे, तसाच कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्याच्या पदरीही आबदार असे, आणि सोऱ्याच्या पाण्यात बाटल्या फिरवून त्या गार करण्याची कला त्याच्या हातात असे. १८३४ साली अमेरिकेतून जहाजाने आलेला बर्फ मुंबईत उतरला आणि पुढे त्यासाठी बर्फघरही बांधण्यात आले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ ठिकाणी, वैशाखातल्या दुपारी गार बिअर मिळणे ही सर्वस्वी आबदाराच्या कौशल्याची बाब होती. बिअरच्या इतिहासात हॉजसनचे नाव राहिले. ती पिण्याजोगी करणाऱ्या त्या नोकराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

हॉजसन घराण्याचा नातू फ्रेडरिक आणि त्याचा भागीदार यांना १८२१ च्या सुमारास मक्तेदारीची धुंदी चढली. त्यांनी उधारी बंद केली, भाव चढविले, आणि कप्तानांना बाजूस सारून माल स्वतःच हिंदुस्थानात धाडावयास आरंभ केला. कलकत्त्याचे व्यापारी आणि कंपनीचे कारभारी चिडले. पुढे जे घडले त्याचे वर्णन बर्टनच्या अभिमान्यांनी रंगवून केले आहे. कंपनीचे एक वजनदार संचालक कॅम्पबेल मार्चबँक्स यांनी बर्टनचा कारखानदार सॅम्युएल ऑलसॉप याला लंडनमध्ये भोजनास बोलाविले, रशियाचा बाजार गेल्याची त्याची कहाणी ऐकून घेतली, आणि कोणा झारच्या लहरीवर अवलंबून नसलेल्या हिंदुस्थानच्या बाजाराकडे त्याचे लक्ष वेधले. हॉजसनच्या बिअरचा नमुना बर्टनला गेला. ऑलसॉपचा मुख्य बिअरकार जॉब गुडहेड याला ती इतकी कडू लागली की त्याने पहिला घोट थुंकून टाकला असे म्हणतात. पण तशीच बिअर मी करून देतो असे सांगून त्याने पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला. किटलीची ही गोष्ट १८५३ साली छापलेल्या एका प्रशस्तिपर पुस्तकात आहे, आणि प्रशस्तीला जेवढी सवलत द्यावयाची तेवढी तिलाही द्यावी. निर्विवाद गोष्ट अशी की १८२३ साली ऑलसॉपची फिकट बिअर हिंदुस्थानास रवाना झाली, बासही लवकरच मागोमाग आला, आणि दहा-पंधरा वर्षांत दोघांनी मिळून हॉजसनला त्याच्याच बाजारातून हुसकावून लावले.

हे यश व्यापारी चातुर्याचे खरे, पण त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट कोणा ऑलसॉपने वा बासने मिळविलेली नव्हती. बर्टनच्या जमिनीखाली जिप्समचे थर आहेत. त्यांतून झिरपून विहिरींत येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम सल्फेट विलक्षण प्रमाणात असते. अशा पाण्यात हॉपचा कडवटपणा जिभेवर न रेंगाळता स्वच्छ उमटतो, गाळ चटकन खाली बसतो, आणि फिकट बिअर काचेसारखी निर्मळ उतरते. लंडनचे पाणी पोर्टरला उत्तम, पण फिकट व कडू बिअरमध्ये तेच पाणी तुरट, खरखरीत कडवटपणा आणते. म्हणजे ज्या पाण्यात बर्टनने शंभर वर्षे गडद, गोड बिअर केली, ते पाणी मुळात दुसऱ्याच बिअरसाठी निर्माण झाले होते, आणि रशियाने दार लावून घेतले नसते तर ही गोष्ट कदाचित आणखी शंभर वर्षे कोणाच्या ध्यानात आली नसती. अशा बिअरला ताजेपणी गंधकाचा किंचित वास येतो. बाहेरचा मनुष्य नाक मुरडतो; बर्टनचा मनुष्य त्या वासानेच माल अस्सल आहे अशी खात्री करून घेतो.

गावाने या बिअरसाठी एक यंत्रणाही अंगीकारली, आणि ती पुढे गावाच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मूळ कल्पना लिव्हरपूलच्या पीटर वॉकर याची. त्याने १८३८ साली तिची सनद घेतली. ओकची मोठी पिंपे ओळीने आडवी मांडावयाची, प्रत्येकाच्या तोंडात हंसाच्या मानेसारखी वाकलेली नळी बसवावयाची, आणि वर एक लांब पन्हळ ठेवावयाचे. बिअर आंबू लागली की फेसाबरोबर किण्व (यीस्ट) उसळून नळीवाटे पन्हळात येते. तेथे किण्व मागे राहते आणि निवळ बिअर पुन्हा खालच्या पिंपांत उतरते. बाटलीत किंवा पेल्यात गढूळपणा दिसू नये आणि किण्वाची जात पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहावी, असे दोन हेतू एकाच योजनेने साधले. खर्च मात्र अफाट. शेकडो पिंपे, त्यांची सततची डागडुजी, आणि ती करणाऱ्या कारागिरांची फौज बाळगणे ज्याला परवडेल त्यानेच या वाटेस जावे.

बर्टनला ते परवडले, कारण १८३९ साली गावात आगगाडी आली. मायदेशी या बिअरला मागणी कशी आली याविषयी सामान्यतः असे सांगितले जाते की हिंदुस्थानास निघालेले एक जहाज १८२७ साली आयरिश समुद्रात फुटले, त्यावरील बिअर लिव्हरपुलात लिलावाने विकली गेली, आणि मायदेशीच्या इंग्रजांना तिची चटक लागली. ही हकीकत छापून आली ती त्यानंतर चाळीस वर्षांनी, आणि तिच्यावाचून काही अडतही नाही. साहेब लोक पेन्शन घेऊन परतत होते, त्यांची आवड त्यांच्यासह परतत होती, आणि आगगाडीने पिंप लंडनला एका दिवसात पोहोचत होते, एवढी कारणे पुरेशी आहेत. १८६८ साली लंडनचे सेंट पँक्रस स्थानक उघडले. त्याच्या फलाटांखालचे विस्तीर्ण तळघर बर्टनच्या बिअरसाठी राखलेले होते, आणि बार्लो या स्थापत्यविशारदाने तेथील लोखंडी खांबांमधील अंतर बिअरच्या पिंपांच्या मापावरून ठरविले. आज त्याच तळघरातून पॅरिसला जाणारे उतारू गाडीत चढतात. १८७७ साली बास ही जगातील सर्वांत मोठी बिअरपेढी होती आणि तिचे वार्षिक उत्पादन सुमारे दहा लक्ष पिंपे होते. १८७६ च्या १ जानेवारीस इंग्लंडच्या व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत पहिली नोंद झाली ती बासच्या लाल त्रिकोणाची; आणि १८८२ साली चित्रकार माने याने पॅरिसमधील एका नाट्यगृहाच्या मद्यगृहाचे जे प्रख्यात चित्र प्रदर्शनात मांडले, त्यातील संगमरवरी फळीवर शँपेनच्या शेजारी तोच त्रिकोण दिसतो.

त्या काळचे गाव पाहण्यास लोक मुद्दाम जात. आज स्थानिक कारखाने हिंडून पाहण्याची जी हौस फैलावली आहे, तिचा मूळ पुरुष आल्फ्रेड बर्नार्ड नावाचा एक इंग्रज गृहस्थ मानावा लागेल. त्याने ग्रेट ब्रिटन व आयर्लंडमधील नामांकित बिअरकारखाने एकामागून एक पाहिले आणि १८८९ ते १८९१ या अवधीत त्यांची वर्णने चार जाड खंडांत प्रसिद्ध केली. बर्टनमध्ये तेव्हा तीसच्या आसपास कारखाने होते; त्यांच्या खाजगी लोहमार्गांनी गावातील रस्ते जागोजागी छेदलेले असत, आणि पिंपांनी भरलेली गाडी जाईपर्यंत धर्मोपदेशकापासून भाजीवाल्यापर्यंत सर्वांना फाटकापाशी तिष्ठत उभे राहावे लागे. राजघराण्यालाही हा मोह टाळता आला नाही: १९०२ च्या फेब्रुवारीत सातव्या एडवर्डने बासच्या कारखान्यास भेट देऊन एका खास बिअरचा आरंभ स्वहस्ते केला.

मला मात्र या साऱ्या वैभवापेक्षा बर्टनच्या प्रयोगशाळा अधिक आदरणीय वाटतात. १८५२ साली बर्टनची कडू बिअर कुचल्याच्या विषाने कडू केली जाते असा आरोप फ्रान्समधून उठला. तेव्हा ऑलसॉपने ग्रॅहॅम आणि हॉफमन या अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञांकडून तिचे पृथक्करण करविले व आरोप खोटा ठरविला. भीतीपोटी आलेले शास्त्र मग तेथेच वस्तीस राहिले. ज्याच्या संशोधनावर कृत्रिम रंगांचा एक मोठा वर्ग उभा राहिला तो पीटर ग्रीस १८६२ पासून ऑलसॉपच्या पदरी होता. कॉर्नेलियस ओ’सुलिव्हन बासच्या, होरेस ब्राउन वर्दिंग्टनच्या पेढीत होता. किण्वाच्या क्रियेविषयीचे पुष्कळ मूलभूत ज्ञान विद्यापीठांच्या आधी या कारखान्यांत जमा झाले.

आणि याच शास्त्राने बर्टनचे वैशिष्ट्य हिरावून नेले. बाहेरच्या कारखानदारांनी प्रथम बर्टनमध्येच शाखा काढून पाहिल्या. परंतु १८७८ च्या सुमारास व्हिन्सेंट नावाच्या रसायनज्ञाने पाण्याचे पृथक्करण करून, योग्य क्षार घातल्यास कोणतेही पाणी बर्टनसारखे करता येते असे दाखविले, तेव्हा त्या गावात जागा विकत घेण्याचे प्रयोजनच उरले नाही. जगाच्या पाठीवर कोठेही बिअर करणारा मनुष्य आज पाण्यात जिप्सम टाकतो, आणि त्या क्रियेला बर्टनचे नाव देतो.

हिंदुस्थानचा बाजार तर त्याहीपूर्वी हातचा जाऊ लागला होता. एडवर्ड डायर याने कसौलीच्या थंड डोंगरावर बिअरचा कारखाना उभारला. १८६० साली मरी येथे दुसरा निघाला. आणि शतक संपण्यापूर्वी गोऱ्या पलटणींना लागणाऱ्या बिअरचा मोठा वाटा हे पहाडी कारखाने सरकारी कंत्राटाने पुरवू लागले. या डायरचा मुलगा रेजिनाल्ड १८६४ साली मरी येथे जन्मला. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर तो हाच. ज्या देशाचे नाव या पेयाला मिळाले त्या देशातील सामान्य रयतेने मात्र ते बहुधा कधी चाखले नव्हते. तिचा संबंध सरकारी अबकारीशी, मक्त्याने दिलेल्या गुत्त्यांशी आणि देशी दारूशी होता. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्यातील दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे जो निषेध नोंदविला, तो साहेबाच्या मेजावरील बाटलीसंबंधी नव्हता.

विसाव्या शतकाची बर्टनची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. महायुद्धांतील करांमुळे बिअर सौम्य झाली, पेढ्या एकमेकींत विलीन झाल्या, ऑलसॉपचे नाव १९३४ साली दुसऱ्या एका पेढीच्या नावामागे गेले, आणि ‘इंडिया पेल एल’ हे शब्द कोणत्याही साध्या बिअरच्या चिठ्ठीवर निरर्थक शोभेसारखे उरले. २००० साली बासचा बिअरधंदा परदेशी मालकीत गेला.

पुनरुज्जीवन आले ते दोन बाजूंनी. इंग्लंडात १९७१ साली चार मित्रांनी कारखान्यांच्या बेचव, वायुभरित बिअरविरुद्ध चळवळ उभारली, आणि तिच्या आश्रयाने लहान कारखाने निघू लागले. खुद्द बर्टनमध्ये, नदीवरील पुलापाशी, १९८२ साली असा एक निघाला. अमेरिकेत फ्रिट्झ मेटॅग याने १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोतील अँकर हा बुडत चाललेला कारखाना विकत घेतला आणि १९७५ साली कॅस्केड या नव्या अमेरिकी हॉपची सुगंधी फिकट बिअर काढली. १९८० साली सिएरा नेवाडाने तोच मार्ग धरला. आज पुण्यामुंबईत ‘इंडिया पेल एल’ या नावाखाली जे पेय मिळते त्याचे कुळ हे अमेरिकी आहे. संत्र्यासारखा व पाइनच्या राळेसारखा त्याचा दरवळ हॉजसनच्या किंवा गुडहेडच्या नाकाला सर्वस्वी परका वाटला असता. चवीपुरते बोलावयाचे तर ते वाईट नाही. पण कंपनीच्या काळातील साहेब हेच पीत होता असे जे सांगितले जाते ते खरे मानू नये.

ओकच्या पिंपांची ती जुनी यंत्रणा बर्टनमध्ये शेवटी मार्स्टनच्या एकाच कारखान्यात चालू राहिली होती. २०२४ साली मालकांनी तीही बंद केली; तिच्यातील एक संच डर्बीशायरमधील थॉर्नब्रिज या छोट्या कारखान्याने नेला आणि पुन्हा चालविला. इकडे भारतातील पहिल्या लघुबिअरशाळांपैकी एक २००९ साली पुण्यात सुरू झाली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात अशा शाळांची संख्या वाढत गेली आहे. त्यांना परवाना मिळतो तो ज्या कायद्याखाली, त्याचे अधिकृत नाव आजही ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९’ असे आहे.